काटकोन की पूर्ण गणित? पाणबुडीच्या खेळात हाताने टॉर्पेडो मारायला शिकताना

‘सायलेंट हंटर’ या खेळमालिकेत ऑटो टार्गेटिंग, म्हणजे खेळाने स्वतःच नेम धरायची सोय, बंद केलं की पहिल्या संध्याकाळी काहीच लागत नाही. माझे चार टॉर्पेडो गेले, चारही जहाजाच्या नाकासमोरून. मग आपण शिकवणीचे व्हिडिओ बघायला बसतो आणि तिथे दोन पंथ भेटतात. एक म्हणतो, जहाजाच्या मार्गाला काटकोनात उभे राहा आणि अंतर विसरा. दुसरा म्हणतो, अंतर, कोन, वेग सगळं मोजून पाणबुडीच्या नेम काढणाऱ्या गणकयंत्रात भरा, मग कुठूनही मारा. यातलं काय आधी शिकायचं हे तुम्ही कोणता खेळ घेताय त्यावर बरंचसं ठरतं, म्हणून दोन्हींचा विचार एकत्रच करतो.

जहाजाचा वेग मोजणं मात्र कोणत्याही पंथात टळत नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेतली आगगाडी आठवा, अमुक मीटर लांबीची, खांब ओलांडायला तमुक सेकंद घेणारी. इथे खांब म्हणजे पेरिस्कोपच्या काचेवरची उभी रेघ. आपली पाणबुडी थांबवायची, जहाजाचं पुढचं टोक रेघेला लागलं की स्टॉपवॉच सुरू, मागचं टोक सुटलं की बंद. लिबर्टी हे युद्धकाळातलं मालवाहू जहाज सुमारे 134 मीटर लांब. त्याला 26 सेकंद लागले तर सेकंदाला 5.15 मीटर, त्याला 1.94 ने गुणलं की 10 नॉट, म्हणजे ताशी 10 सागरी मैल. नकाशावर करायचं असेल तर 3 मिनिटं 15 सेकंदांच्या अंतराने दोन खुणा करा. मधे जितके शंभर मीटर, तितके नॉट. मापं यार्डात ठेवून खेळत असाल तर 3 मिनिटं पुरतात.

आता काटकोनाची पद्धत. ‘सायलेंट हंटर 4’ खेळणारे हिला डिक ओकेन पद्धत म्हणतात. रिचर्ड ओकेन हा ‘टँग’ या अमेरिकन पाणबुडीचा कप्तान. ऑक्टोबर 1944 मध्ये स्वतःचाच टॉर्पेडो गोल फिरून परत आला आणि ‘टँग’ बुडाली. 87 पैकी 9 जण वाचले, त्यात तो होता. पद्धत अशी: जहाजाचा मार्ग नकाशावर आखा, त्याला काटकोनात आपल्या पाणबुडीचं नाक करून थांबा. जहाज 10 नॉटनी उजवीकडून डावीकडे येतंय आणि टॉर्पेडोचा वेग 46 नॉट आहे, तर पेरिस्कोप उजवीकडे 12 अंशांवर लावून ठेवा. एओबी, म्हणजे त्या जहाजाच्या नाकापासून आपण किती अंशांवर दिसतो तो कोन, 90 मधून 12 वजा करून 78, डावी बाजू. यंत्राला पाठवा आणि हात बांधून बसा. पुढची डोलकाठी रेघेवर आली, एक सोडा. चिमणी आली, दुसरा. टॉर्पेडो सरळ नाकासमोर धावतो, त्यामुळे जहाज 800 मीटरवर असो की 1500 वर, आकडे बदलत नाहीत. अंतर गणितातून गळून पडतं, आणि नवशिक्याचं सगळ्यात जास्त चुकतं ते अंतरच.

का चुकतं? पूर्ण पद्धतीत अंतर स्टॅडिमीटरने काढतात: जहाजाची दुहेरी प्रतिमा सरकवून डोलकाठीचं टोक पाण्याच्या रेषेला टेकवायचं. डोलकाठीची उंची ओळखपुस्तकातून येते. तुम्ही 25 मीटरच्या डोलकाठीचं जहाज 30 मीटरचं समजलात, तर 1500 मीटरचं अंतर 1800 दिसतं. अशा दोन मोजमापांवरून वेग काढलात तर तोही तितकाच फुगतो, 10 चा 12 नॉट. 46 नॉटच्या टॉर्पेडोला 1000 मीटर जायला 42 सेकंद लागतात. तेवढ्यात 2 नॉटची चूक 43 मीटर होते. नेम मध्यावर असेल तर 134 मीटरच्या जहाजाला तरीही लागतो. 2000 मीटरवर तीच चूक 87 मीटर होते आणि टॉर्पेडो नाकासमोरून निघून जातो. माझ्या चार टॉर्पेडोंचं हेच झालं होतं, पुस्तकात शेजारच्या पानावरचं जहाज निवडलं होतं.

तरीही पूर्ण पद्धत टाळता येत नाही. नागमोडी जाणारं जहाज, ताफ्याभोवती फिरणाऱ्या विनाशिका, काटकोन गाठायला वेळच नसणं. अशा वेळी ओकेन पद्धतीवाला नुसता बघत बसतो. आणि यंत्राचा प्रश्न आहेच. ‘सायलेंट हंटर 4’ (2007) प्रशांत महासागरातला, अमेरिकन. त्यातल्या गणकयंत्रात पोझिशन कीपर आहे, म्हणजे एकदा आकडे भरले की यंत्र जहाजाची जागा आणि कोन स्वतः पुढे चालवत राहतं. दहा मिनिटं मोजमाप सुधारत राहिलात तर उत्तर पक्कं होत जातं. काटकोनाच्या पद्धतीत हा पोझिशन कीपर बंद ठेवावा लागतो, म्हणजे यंत्राची सगळ्यात मोठी ताकदच वापरत नाही आपण. शिवाय अमेरिकन मार्क 14 टॉर्पेडोचा आघाताने फुटणारा स्फोटक 1943 पर्यंत बरोबर काटकोनात आदळला की बऱ्याचदा चेपून जायचा, फुटायचाच नाही. खेळात खराब टॉर्पेडोंचा पर्याय चालू असेल तर तुमचा सुबक 90 अंशांचा फटका ठण्ण वाजून थांबतो. तिथे तिरका मारा बरा, आणि तिरक्याला पूर्ण गणित लागतं.

‘सायलेंट हंटर 3’ (2005) अटलांटिकमधला, जर्मन. त्यांच्या यंत्राला पोझिशन कीपर नाही. पण पेरिस्कोप शून्यावर असताना एओबी 90 भरून कळ ऑटोवर टाकली की पेरिस्कोप जिकडे फिरवाल तिकडे कोन आपोआप जुळतो. वजाबाकीसुद्धा नको. काटकोनाची पद्धत या यंत्रासाठीच केल्यासारखी बसते. खोट एवढीच की चित्र 1024 बाय 768 वर अडकलेलं, मोठ्या पडद्यासाठी मॉड, म्हणजे खेळाडूंनी केलेले बदल, शोधावे लागतात.

‘यूबोट’ 2024 मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि दिसायला या दोघांहून कितीतरी देखणा आहे, पण त्यात अधिकाऱ्याला मोजायला बसवता येतं. आळशी माणसाने तिथे हाताने शिकायचा हट्ट धरू नये, मी धरला नाही. मित्रांचं टोळकं असेल तर मिळून खेळायचा ‘वुल्फपॅक’, तिथे ऑटो टार्गेटिंग नाहीच.

तेव्हा माझं मत सरळ आहे: सुरुवात ‘3’ आणि काटकोनाने करा. मुक्काम ‘4’ आणि पूर्ण गणितावर. थेट ‘4’च घ्यायचा असेल तर खराब टॉर्पेडो बंद ठेवून तिथेही काटकोनच आधी. त्याचा 2008 चा जोडभाग जर्मन पाणबुड्यांना हिंदी महासागरात आणतो, आपल्या किनाऱ्याच्या ओढीने घ्यायला हरकत नाही. पहिल्या रात्री मात्र टॉर्पेडो सोडूच नका. एकटं व्यापारी जहाज गाठा, त्याचा वेग रेघेवरून पाच वेळा मोजा आणि पाचही आकडे एका नॉटच्या आत येईपर्यंत पेरिस्कोपवरून उठू नका.