नेपाळ की इथिओपिया: बडोद्याच्या भूलतज्ज्ञाने रेसिडेंटना शिकवायला कुठे जावं?

आधी पंचांग बघा. बडोद्यात खाजगी प्रॅक्टिस करणाऱ्या भूलतज्ज्ञाला मोकळे दिवस मिळतात ते दिवाळीच्या आगेमागे. पण नेमके तेव्हाच नेपाळात दशैं आणि तिहार. तिथेही नियोजित ऑपरेशनं कमी, बरेच रेसिडेंट (प्रशिक्षण घेणारे डॉक्टर) घरी. ऑपरेशन थिएटरच थंड असेल तर शिकवणार कशावर? दिवाळीचीच रजा वापरायची तर इथिओपिया. नेपाळसाठी फेब्रुवारी-मार्च राखून ठेवावेत.

कागदपत्रांत नेपाळ सोपा. व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, आधार नाही. इथिओपियाला व्हिसा हवा आणि पिवळ्या तापाची लसही. ती निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, नाहीतर परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागतं. रुग्णाला हात लावायचा तर दोन्हीकडे तात्पुरती वैद्यकीय नोंदणी लागते.

भाषा? नेपाळात हिंदीवर पुष्कळ निभावतं. इथिओपियात वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत, पण रुग्ण अम्हारिक किंवा ओरोमो बोलणारा. स्पायनलच्या (पाठीत सुई टोचून द्यायच्या भुलीच्या) वेळी 'पाठ वाकवा' हेसुद्धा रेसिडेंटलाच सांगावं लागतं. घड्याळही वेगळं: तिथे दिवसाचे तास सकाळपासून मोजतात, आपले सकाळचे ८ म्हणजे त्यांचे २. पहिली केस किती वाजता, हे विचारताना घड्याळ कुठलं तेही विचारा.

खरा फरक यंत्रांचा. काठमांडूच्या मोठ्या रुग्णालयांत बरंचसं ओळखीचं असतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून शिकवता येतं. इथिओपियात राजधानीबाहेर पाइपचा ऑक्सिजन नसेल, हे धरूनच जावं. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) मिनिटाला ५ ते १० लिटर देतो, पण त्याच्या दाबावर आपलं नेहमीचं मशीन चालत नाही. म्हणून ड्रॉ-ओव्हर: रुग्ण स्वतःच्या श्वासाने व्हेपोरायझरमधून, म्हणजे भुलीच्या द्रवाची वाफ करणाऱ्या उपकरणातून, हवा ओढतो. वरून ऑक्सिजन जोडायला विसरलात तर त्याला २१ टक्केच मिळतो. बाटली हॅलोथेन या जुन्या भूलद्रवाची असू शकते. सर्जनने अ‍ॅड्रेनालिन टोचलं की ठोके बिघडू शकतात, आणि लहान मुलांत हॅलोथेनमुळेच ते मंदावतात. अ‍ॅट्रोपिन (ठोके वाढवणारं औषध) भरून ठेवा. हॅलोथेनच्या व्हेपोरायझरमध्ये दुसरा भूलद्रव ओतू नका, डायलवरचा आकडा खोटा ठरतो. कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) नसेल तर श्वासनलिकेत ट्यूब घातली की पोटावर आणि दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावून ऐकायची सवय रेसिडेंटला लावणं, हेच तिथलं सगळ्यात मोलाचं शिकवणं.

शिवाय तिथे भूल देणारे बरेचसे डॉक्टर नसलेले प्रशिक्षित अ‍ॅनेस्थेटिस्ट असतात. त्यांनाही वर्गात बसवा. रात्रीचं सिझेरियन अनेकदा त्यांच्याच हातून होतं.

दोन्हीकडे एकच चूक घडते: केस अडली की पाहुणा डॉक्टर लॅरिंगोस्कोप (ट्यूब घालताना घसा दाखवणारं उपकरण) हिसकावतो आणि रेसिडेंट बघत राहतो. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९३ च्या खाली गेलं किंवा दुसरा प्रयत्न फसला, तरच हात घालायचा, हे सकाळीच ठरवून ठेवा. आपला व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घरीच ठेवा. तुम्ही परत आल्यावर त्यांच्याकडे तो नसणार.

आठवडाच हाती असेल तर महिनाभर राहून शिकवण्याचा हट्ट सोडून २०११ मध्ये युगांडात सुरू झालेल्या 'सेफ'सारख्या तीन दिवसांच्या प्रसूती-भूल कोर्ससाठी जावं. पहिलीच खेप असेल तर नेपाळ. रेसिडेन्सीत हॅलोथेन भरपूर दिलेलं असेल तर इथिओपियाला तुमची जास्त गरज आहे. तिकीट काढण्याआधी मात्र इन्डेम्निटी पॉलिसीची (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठी डॉक्टरने काढलेल्या विम्याची) हद्द वाचा. ती बहुतेक वेळा भारतापुरतीच असते. बाहेरच्या कामाची जबाबदारी कोण घेणार, हे यजमान संस्थेकडून लेखी घ्या.