पोर्शे कॅरेरा आरएस २.७ टूरिंग: सहा आकडी युरो नेमके कशासाठी मोजायचे?

१९७३ सालची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ विकत घेणारा मोटारीचे पैसे थोडे आणि तिच्या ओळखीचे पैसे फार मोजत असतो. त्याच काळातली साधी ९११ घेऊन तिच्यात २.७ लिटरचे इंजिन बसवले, मागचे मडगार्ड रुंद करून घेतले आणि 'डकटेल' नावाने प्रसिद्ध असलेला स्पॉयलर मागच्या झाकणावर चढवला, तर निव्वळ चालवून फरक सांगणे मुरलेल्या चालकालाही जड जाते. बाजारभावात मात्र या दोन गाड्यांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर असते आणि म्हणूनच नकला पुष्कळ होतात. स्टुटगार्टच्या परिसरातील एका विक्रेत्याकडे अशी एक टूरिंग विक्रीला आहे. ती घेण्याचा विचार करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यासाठी मी ती एका मूल्यांकन तज्ज्ञासोबत सविस्तर पाहिली.

या गाडीचा जन्मच नियमातून झाला. 'ग्रुप ४' या शर्यत-वर्गात उतरण्यासाठी किमान ५०० गाड्या बांधणे बंधनकारक होते. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती मांडली गेली तेव्हा ३४,००० मार्क किमतीची ही गाडी ५०० गिऱ्हाइकांना कशी खपवायची, ही विक्री विभागाची चिंता होती; प्रत्यक्षात ती हातोहात गेली आणि एकूण १,५८० गाड्या बांधाव्या लागल्या. त्यांतील बहुसंख्य टूरिंग, म्हणजे ९११ एस या नेहमीच्या मॉडेलसारखी आतली सजावट असलेल्या आणि सुमारे १,०७५ किलो वजनाच्या होत्या. मागची आसने, घड्याळ, दाराचे खण असे सगळे काढून ९६० किलोंवर आणलेल्या 'स्पोर्ट' गाड्या जेमतेम २०० झाल्या. स्पोर्टला आज टूरिंगपेक्षा कितीतरी अधिक भाव असल्यामुळे टूरिंगमधील आसने काढून, दाराला कापडी पट्टे लावून तिची 'स्पोर्ट' करण्याचा उद्योगही चालतो. तेव्हा नक्कल दोन पातळ्यांवर तपासावी लागते: गाडी आरएस आहे का, आणि आरएस असेल तर कोणती. दुसऱ्या प्रश्नाचा निकाल कारखान्याच्या नोंदीतील एम४७१ (स्पोर्ट) किंवा एम४७२ (टूरिंग) या संकेतांकावरून लागतो. आमच्या गाडीबाबत तो वादच नव्हता. विक्रेत्याने ती टूरिंग म्हणूनच मांडली आहे आणि नोंदही तेच सांगते.

पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागला. चासी क्रमांक पुढच्या डिकीत, पेट्रोलच्या टाकीजवळ गालिच्याखाली ठोकलेला असतो. अस्सल आरएसचा क्रमांक ९११३६० ने सुरू होतो: ९११ हा प्रकार, ३ म्हणजे १९७३ चे मॉडेल, ६ म्हणजे आरएसचे इंजिन आणि ० म्हणजे कूपे. त्याच वर्षीच्या ९११ ईच्या क्रमांकात ६ च्या जागी २ असतो आणि एसच्या क्रमांकात ३. म्हणजे पाच-सहा लाख युरोंचा व्यवहार वरकरणी एका अंकावर तोललेला असतो. आपल्याकडे आरटीओत चासी क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासतात, तेवढ्याने इथे भागत नाही. ठोकलेल्या अंकांचे वळण, त्यांच्यातील अंतर, खोली आणि सभोवतालच्या पत्र्याचा पोत या सर्वांचा मेळ बसावा लागतो.

या गाडीत अंकांचे वळण योग्य वाटले, पण नेमक्या त्याच जागी रंग ताजा आणि दाट होता. गाडी आज पांढरी असून तिच्या बाजूंवर लाल अक्षरांत 'कॅरेरा' लिहिलेले आहे. टाकीच्या बाजूच्या खोबणीत आरसा धरला तेव्हा पांढऱ्या थराखाली, जोडाच्या कडेला, हलका पिवळा रंग दिसला. कारखान्याच्या नोंदीतही रंग पिवळाच आहे. म्हणजे रंगबदल उघड आहे आणि विक्रेता तो नाकारत नाही. क्रमांकाची जागा 'रंगवताना साफ केली' एवढेच त्याचे म्हणणे आहे. रंगबदल मला क्षम्य वाटतो, ही सफाई वाटत नाही. सांगाड्यावर आतल्या भागात ठोकलेला वेगळा उत्पादन क्रमांक मात्र शाबूत निघाला आणि तो नोंदीशी जुळला. नक्कल करणारे बहुधा या दुसऱ्या क्रमांकाकडे दुर्लक्ष करतात, म्हणून माझा कौल गाडी अस्सल असण्याकडे झुकतो.

रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने छतावर १५० मायक्रॉनच्या आसपास आकडे दिले, डाव्या मागच्या मडगार्डवर मात्र ते ६०० च्या वर गेले. तिथे खाली पुट्टी आहे. हे मडगार्ड महत्त्वाचे यासाठी, की पुढे ६ इंची आणि मागे ७ इंची रुंद चाके बसावीत म्हणून आरएसचे मागचे मडगार्ड कारखान्यातूनच रुंद येत. नकलेत ते नंतर जोडलेले असतात आणि आतल्या बाजूने वेल्डिंगचा जोड सापडतो. इथे आत तसा जोड नव्हता. पुट्टी जुन्या अपघाताची आहे, बनावटीची नाही. डकटेलच्या झाकणावर यंत्र मुके राहते, कारण ते फायबरचे आहे. ते बदललेले आहे की मूळ, हे मी तरी सांगू पाहणार नाही, आणि त्याने किमतीत फारसा फरकही पडू नये.

इंजिनाच्या बाबतीत बाजार जितका हळवा होतो तितके होण्याचे कारण मला दिसत नाही. पंख्याच्या उजव्या बाजूला ९११/८३ हा प्रकार आणि ६६३ ने सुरू होणारा क्रमांक नीट वाचता येतो, मॅग्नेशियमच्या क्रँककेसवर '७आर' ही ओतीव खूणही आहे. पण हा क्रमांक कारखान्याच्या नोंदीतील क्रमांकाशी जुळत नाही. इंजिन आरएसचेच, पण दुसऱ्या गाडीचे. गियरबॉक्स मूळचा आहे. ज्या गाड्या तरुणपणी शर्यतींत पिदडल्या गेल्या त्यांची इंजिने बदलली जाणारच. प्रामाणिकपणे वेगळा राहिलेला क्रमांक मला घासून पुन्हा ठोकलेल्या 'जुळत्या' क्रमांकापेक्षा कितीतरी बरा वाटतो, कारण पहिल्यात उणीव आहे आणि दुसऱ्यात फसवणूक.

कागदांचे महत्त्व विक्रेते फार वाढवून सांगतात. कारखान्याच्या दफ्तरातील उतारा सातबाऱ्यासारखा असतो: अमुक क्रमांकाची गाडी अमुक रंगात बाहेर पडली हे तो सांगतो, समोर उभी असलेली गाडी तीच आहे हे मोजणीशिवाय ठरत नाही. जर्मनीतील रिवाजानुसार गाडीला १ ते ५ अशी अवस्थेची श्रेणी देणारा मूल्यांकन अहवालही सोबत आहे आणि त्यात तिला २ श्रेणी दिली आहे. श्रेणी अवस्थेची असते, ओळखीची नसते. उत्कृष्ट नक्कलही १ मिळवू शकते.

चालवण्याबद्दल थोडक्यात: थंड इंजिन सुरू करताना आसनांमधील हाताचा थ्रॉटल किंचित उचलावा लागतो, बॉशचे यांत्रिक फ्युएल इंजेक्शन सुरुवातीला खोकल्यासारखे करते, आणि ४,००० फेऱ्यांनंतर २१० अश्वशक्ती कुठे दडली होती ते कळते. कमी फेऱ्यांवरचा अडखळा गरम झाल्यावरही पुरता गेला नाही. इंजेक्शन पंपाची दुरुस्ती टळणार नाही, आणि ती स्वस्त नसते.

मुंबई-पुण्याच्या संग्राहकांपैकी कोणाच्या मनात अशी गाडी भारतात आणण्याचा विचार असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज वाहनाची व्याख्याच ५० वर्षांहून जुने आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेले अशी आहे. 'व्हीए' या व्हिंटेज वाहनांच्या मालिकेतील नोंदणी क्रमांक मिळाला तरी रोजच्या वापराला मुभा नाही. ओळखीचा प्रश्न तिथेही याच क्रमाने उभा राहतो.

आता किंमत. चांगल्या टूरिंगला आज पाच लाख युरोंच्या पुढे भाव मिळतो, आणि विक्रेता मूळ इंजिन व मूळ रंग असलेल्या गाडीचाच भाव मागतो आहे. माझ्या मते इंजिन, मडगार्ड आणि पंप यांपोटी त्यातून किमान सहावा हिस्सा कमी व्हायला हवा. पांढरा रंग अधिक मागणीचा आहे हे त्याचे उत्तर मला मान्य नाही, कारण पिवळी असती तर मी जास्त दिले असते. त्याआधी चासी क्रमांकाच्या जागेची चुंबकीय-प्रकाशीय तपासणी व्हावी. अंक घासून नवे ठोकले असतील, तर पत्र्यातील जुना ताण त्या तपासणीत दिसतो आणि रंग खरवडावाही लागत नाही. खर्च आम्ही करू म्हटल्यावरही विक्रेत्याने विचार करून सांगतो असे उत्तर दिले आहे. ती परवानगी लेखी हाती येईपर्यंत विसार देऊ नये, असे मी सहकाऱ्याला कळवले आहे.