पाणदिवडीसाठी हुक-पाइप-पिशवीचा संच : घ्यावा का?

पाणदिवड म्हणजेच विरोळा हा साप बिनविषारी, पण हाताळायला अवघड. डिवचली की मान चपटी करते, त्यामुळे लोकांना नाग वाटतो. ती झटकन चावतेही. म्हणून साप पकडायच्या या संचाची खरी कसोटी तिच्यावरच लागते.

हुक साडेतीन फुटांचा, ॲल्युमिनियमचा, हलका आहे. घोणसासारखा जड, संथ साप त्यावर टिकून राहतो. दिवड मात्र वळवळून लगेच घसरते. तेव्हा हुकाने उचलू नका, फक्त पिशवीला जोडलेल्या पाइपाच्या तोंडाकडे वळवा. अंधारी जागा दिसली की ती आपणहून आत शिरते. पाइप ३ इंची आहे, मोठ्या दिवडीलाही पुरतो. फक्त कापलेली कड धारदार राहिली आहे. वापरण्याआधी पॉलिशपेपरने घासून घ्या, नाहीतर सापाचे खवले सोलवटतात.

पिशवी सुती, काळी, दुहेरी शिवणीची. पण शिवणीचे सुटे धागे आतल्या बाजूला आहेत आणि त्यांत सापाचे दात अडकतात. पिशवी उलटी करून धागे कापा. दुसरी अडचण ओलाव्याची: विहिरीतून किंवा गटारातून काढलेली दिवड चिंब असते, ओलं कापड हवा अडवतं. कोरडी जादा पिशवी हवीच, ती संचात नाही.

सोबतचा चिमटा वापरूच नका. घट्ट दाबला की बरगड्या मोडतात, आणि वरून ते कळतही नाही.

चावली तर हात हिसडू नका, बारीक दात तुटून जखमेत राहतात. साबणपाण्याने धुवा. चिमटा वगळून मिळत असेल तर संच जरूर घ्या.