प्लाय बसवणं सोपं, बदलणं कठीण: कंपोझिट डिझाइन सॉफ्टवेअर काही महिने वापरल्यावर

कंपोझिट म्हणजे कार्बन किंवा काचेच्या तंतूंचे राळेत भिजलेले पातळ थर एकावर एक रचून केलेला भाग, आणि त्यातला एकेक थर म्हणजे प्लाय. अशा डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा डेमो ठरलेला असतो. कोरा टूल-सरफेस (साच्याचा पृष्ठभाग), त्यावर धडाधड बसणारे प्लाय, तंतूंचे रंगीत कोन आणि शेवटी सुबक फ्लॅट पॅटर्न (कापायचे सपाट आकार). प्रत्यक्ष कामात हा भाग लवकर उरकतो. पुढचा सगळा काळ जातो तो बसवलेले प्लाय हलवण्यात. एक आत घाला, दोन काढा, याची हद्द मागे घ्या, त्याचं मटेरियल बदला. म्हणून इथे फक्त एडिटिंगबद्दल लिहितोय. सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही. कॅडच्या आत चालणारं, प्लाय-टेबलवाल्या (एका ओळीत एक प्लाय अशा यादीच्या) जातीचं आहे एवढं पुरे.

आधी जमेची बाजू, म्हणजे प्लाय-टेबल. समजा २४ प्लायचं सममित पॅनेल आहे, म्हणजे मधल्या पातळीच्या दोन्ही बाजूंना आरशासारखे तेच थर. प्लाय ०.१२५ मिमीचा, म्हणजे जाडी ३ मिमी. क्रमांक १० पासून २४० पर्यंत, दहा-दहाच्या अंतराने दिलेले. स्ट्रेसवाल्यांचा (मजबुतीचं गणित करणाऱ्यांचा) निरोप येतो: कटआउटभोवती (कापून ठेवलेल्या भोकाभोवती) ४५ अंशांचे चार प्लाय वाढवा. मग ६० आणि ७० च्या मध्ये ६३ ला +४५ आणि ६७ ला −४५ घालायचे, आणि पलीकडच्या अर्ध्यात १८३ ला −४५ आणि १८७ ला +४५. जोडीच्या क्रमांकांची बेरीज २५० आली की सममिती शाबूत. बाकीच्या एकाही ओळीला हात लागत नाही, जाडी ३.५ मिमी दिसते आणि वरचे प्लाय नव्या उंचीवरून पुन्हा मोजले जातात. हे काम इथे खरंच झटपट होतं. क्रमांकात मोकळी जागा न सोडता १, २, ३ असं लिहिणाऱ्यांना मात्र पहिल्याच बदलात घाम फुटेल.

क्रमांक आणि नाव वेगळं ठेवा, हे नव्या माणसाला मी सगळ्यात आधी सांगतो. सेटिंगमध्ये ‘क्रम बदलला की नावही बदला’ अशा अर्थाची एक खूण असते आणि ती मुळातच चालू असते. ती काढून टाका. प्लायचं नाव प्लाय-बुकात (थर रचायच्या क्रमाच्या पुस्तिकेत) जातं, टूलवर प्लायची हद्द प्रकाशाने आखणाऱ्या लेझर प्रोजेक्टरच्या फाइलमध्ये जातं, कापलेल्या तुकड्यावरच्या लेबलवरही जातं. −१८ अंशांच्या फ्रीझरमध्ये राळेत भिजलेल्या तुकड्यांची कापून ठेवलेली किट पडलेली असताना इकडे नावं सरकली, तर लेअप करणाऱ्याच्या (थर रचणाऱ्याच्या) हातात एक नाव आणि टूलवरच्या प्रकाशरेषेत दुसरंच. नाव जन्मभर तेच, क्रमांक हवा तेवढा बदला. आणि नाव ‘पी-२०’ नको, ‘पी-०२०’ लिहा. नाहीतर एक्सेलमध्ये काढून सॉर्ट केलं की ‘पी-१००’ जाऊन ‘पी-२०’च्या आधी बसतो.

आता दुखणं. स्ट्रेसवाले झोनमध्ये, म्हणजे भागाच्या एकसारख्या जाडीच्या तुकड्यांमध्ये, विचार करतात: इथे २४ प्लाय, शेजारी २८. शॉप फ्लोअरला झोनशी घेणंदेणं नाही, त्यांना कुठला तुकडा कधी ठेवायचा एवढंच हवं. सॉफ्टवेअर झोनवरून प्लाय तयार करून देतं, कुठला प्लाय कुठून कुठे सलग न्यायचा हेही बऱ्यापैकी अकलेने ठरवतं. पण तयार झालेल्या एखाद्या प्लायची हद्द तुम्ही हाताने ओढलीत, की त्याचा झोनशी असलेला दुवा तुटतो. तोही गुपचूप! ना इशारा, ना रंगात फरक. झोनच्या टेबलात जुनाच आकडा ऐटीत उभा. पुन्हा झोनवरून प्लाय तयार करायला सांगितले, तर हाताने केलेलं सगळं पुसलं जातं. त्यामुळे आमच्याकडे आता रिवाजच आहे: झोनवरून प्लाय एकदाच काढायचे, मग झोन गोठवायचे आणि पुढे फक्त प्लाय-टेबलात काम करायचं. प्रत्येक बदलानंतर शंकेच्या जागी कोअर सॅम्पल घ्यायचं, म्हणजे सरफेसवर एक बिंदू निवडून त्याखाली खरोखर कुठले थर आहेत ते पाहायचं. टेबल काय म्हणतं ते सोडा, कोअर सॅम्पल म्हणेल ते खरं.

ड्रेपिंगचंही तसंच. कापड वक्र टूलवर बसवण्याचं गणित एका आरंभबिंदूपासून सुरू होतं. हद्द आत घेतली आणि तो बिंदू बाहेर राहिला, तर सॉफ्टवेअर जवळच्या कडेवरचा बिंदू उचलून मोकळं होतं. टेबलात कोन ४५ च दिसतो, कारण तो आपण मागितलेला कोन. तंतू प्रत्यक्षात कुठे वळले ते पाहायला ड्रेपिंगचं चित्रच उघडावं लागतं. सपाट पॅनेल करणाऱ्याला याची झळ लागणार नाही. दुहेरी वक्रता असलेल्या भागात मात्र हद्द हलवली की आधी आरंभबिंदू तपासा.

ड्रॉप-ऑफचं, म्हणजे जाडी कमी होताना एकामागून एक संपणाऱ्या प्लायच्या कडांमधलं, अंतर मिलिमीटरमध्येही देता येतं आणि प्रमाणातही. प्रमाणच द्या. २०:१ उतार धरला तर ०.१२५ मिमीच्या प्लायला पायरी २.५ मिमीची, वर वाढवलेल्या चार प्लायचा उतार साधारण १० मिमी. पुढे मटेरियल बदलून ०.२ मिमीचं आलं तर पायरी ४ मिमी हवी. प्रमाण दिलं असेल तर ती आपोआप होते. मिलिमीटर दिले असतील तर २.५ तशीच राहते, आणि उतार उभा झालाय हे कुणी सांगत नाही.

तपासणीचं बटण कामाचं आहे, पण त्याच्या आहारी जाऊ नका. सममिती बिघडली तर क्युअरनंतर (राळ तापवून घट्ट केल्यावर) थंड होताना पॅनेल वाकतं, कारण तंतूच्या दिशेने आणि त्याला आडवं आकुंचन सारखं नसतं. म्हणून तो इशारा हवाच. एकाच कोनाचे चारपेक्षा जास्त प्लाय लागोपाठ आले की तेही ते बरोबर पकडतं. पण साध्या विणीच्या कापडात ४५ आणि −४५ यांत फरक नसतो, तरी ते लाल दिवा लावतं. कार्बन आणि अॅल्युमिनियमच्या मध्ये गंज टाळायला ठेवलेला काचतंतूचा एक थरही त्याला खपत नाही. हा अपवाद मान्य आहे असं कायमचं नोंदवायची सोय नाही. दर वेळी तेच इशारे पाहून डोळे सरावतात, आणि त्यात एखादा खरा निसटायची भीती असते.

डाव्या भागावरून उजवा काढताना मिरर आकाराचा होतो, रोझेटचा (कोन जिथून मोजतात त्या आधारदिशेचा) होतोच असं नाही. रोझेट तसाच राहिला तर +४५ चा प्लाय उजवीकडे −४५ वाचला जायला हवा, आणि टेबल मात्र जुनंच चिन्ह दाखवत राहतं. रोझेट आधी मिरर करा, मग प्लाय.

वेगाबद्दल फारशी तक्रार नाही. ऑटो-अपडेट बंद ठेवून सगळे बदल एकदम लागू केले की काम सुरळीत चालतं. ड्रेपिंग पुन्हा मोजलं गेल्यावर अन्डू मात्र चालत नाही, तेव्हा मोठ्या बदलाआधी फाइलची प्रत काढून ठेवावी लागते.

लायसन्स पुढे चालू ठेवतोय, ते प्लाय-टेबलसाठी. पाचपैकी साडेतीन. झोनचा दुवा तुटल्यावर नुसती एक पिवळी खूण जरी दाखवली असती, तरी चार दिले असते.