ट्रेलफोर्क्स: पुन्हा सायकलवर बसताना
बऱ्याच वर्षांनी माउंटन बाइक बाहेर काढणाऱ्यांना जवळच्या वाटा शोधायला हे ॲप खरंच उपयोगी आहे. हिरवी वाट सोपी, निळी मध्यम, काळी अवघड. सुरुवात हिरवीनेच करा, पण नुसत्या रंगावर जाऊ नका. रंग वाटेची अवघडता सांगतो, दम किती लागेल ते नाही. त्यासाठी उंचीचा आलेख उघडा: १ किलोमीटरात १०० मीटर चढ म्हणजे सरासरी १० टक्के, सवय मोडलेल्या पायांना जडच. वाटेची दिशाही बघा. उलट शिरलात तर वरून वेगात येणारा थेट अंगावर येतो. पडलेलं झाड, चिखल ताज्या नोंदींत कळतो.

उणीव एकच, पण मोठी. माहिती सायकलस्वारच भरतात, त्यामुळे ते कमी असतील तिथे नकाशा कोरा. तिथे स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपचा हीटमॅप, म्हणजे लोक कुठून किती जातात ते दाखवणारा नकाशा, बघा. ठळक रेघ म्हणजे वर्दळीची वाट. सायकलला परवानगी आहे का, हे मात्र वेगळं तपासावं लागतं.