इंग्लिश शब्द पाठ करायला अँकी ॲप : भांडुप ते दादर, सात महिने वापरून

आधीच सांगते, मी दहावीपर्यंत मराठी मीडियमची. इंग्लिश वाचते, ऑफिसात बोलतेही, पण जीआरईचा, म्हणजे परदेशात पुढे शिकायला जाण्यासाठी देतात त्या परीक्षेचा, सॅम्पल पेपर उघडला आणि पहिल्याच गाळलेल्या जागेला पाच ऑप्शन, त्यातले तीन शब्द जन्मात बघितले नव्हते.

मग सगळे करतात तेच केलं, क्लास लावला. नाव घेत नाही, दादर स्टेशनपासून पाच मिनिटांवर, दोन महिन्यांचे साडेनऊ हजार. पहिल्या दिवशी हातात झेरॉक्सचा गठ्ठा दिला, ए पासून झेडपर्यंत साडेतीन हजार शब्द, प्रत्येकापुढे एका शब्दात अर्थ, रोज पन्नास पाठ करायचे आणि दुसऱ्या दिवशी सर उभं करून विचारणार, पाढे विचारायचे तसं. आता एबीसीडीच्या क्रमाने पाठ केलं की काय होतं, सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी येतात आणि कायमचे एकमेकांत गुंततात. एक 'अबेट' म्हणजे कमी होणं, ओसरणं, आणि दुसरा 'अबेट' म्हणजे गुन्ह्याला साथ देणं, स्पेलिंग वेगळं पण देवनागरीत लिहिलं तर दोन्ही सेमच, आणि डोक्यातही सेमच झाले होते. वर अर्ध्या नोट्स विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजीच्या, जे प्रश्न जीआरईमधून 2011 सालीच काढून टाकलेत! सरांना विचारलं तर म्हणे पाया पक्का होतो. महिन्याभरात सोडला क्लास, पैसे अर्थातच परत नाही.

अँकी ऑफिसातल्या मैत्रिणीने दाखवलं. जपानीत अँकी म्हणजे पाठांतर. डेमियन एल्म्स नावाच्या माणसाने 2006 मध्ये काढलेलं, कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड आहे तेही फुकट आणि जाहिराती नाहीत. आयफोनवाल्यांना मात्र एकदाच पण चांगले पंचवीसेक डॉलर मोजावे लागतात, तेव्हा घेण्याआधी लॅपटॉपवर वापरून बघा.

काम साधं आहे. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड, पुढे शब्द, मागे अर्थ. आठवला की नाही ते आपणच सांगायचं, अगेन, हार्ड, गुड, इझी अशी चार बटणं. आठवला तर तो शब्द थोड्या दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने असा लांब लांब जातो, विसरलात तर लगेच परत समोर हजर. म्हणजे जे येतं त्यात वेळ जात नाही आणि जे येत नाही ते पाठ सोडत नाही. आपण किती भराभर विसरतो हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्येच निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून मोजून ठेवलंय, हे सगळं त्याच्यावरच उभं आहे. सेटिंगमध्ये एफएसआरएस म्हणून एक ऑप्शन आहे तो चालू करा, आपण कधी विसरतो त्याप्रमाणे तारखा लावतो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. मी आधी कोणीतरी बनवलेला तयार हजार शब्दांचा डेक, म्हणजे कार्डांचा संच, उतरवला आणि पंधरा दिवसांत लक्षात आलं की हे म्हणजे क्लासचा गठ्ठाच मोबाइलमध्ये आला. शब्द दिसला की अर्थ बोलता यायचा, वाक्यात आला की पाटी कोरी. डिलीट मारला. तेव्हापासून कार्ड स्वतः बनवते, दिवसाला दहाच, आणि मागच्या बाजूला मराठी शब्द आणि माझ्या आयुष्यातलं एक वाक्य लिहायचंच.

उदाहरण देते. 'पेनल्टिमेट'. मला वाटायचं अल्टिमेटच्याही वरचं काहीतरी असणार, एकदम भारी. निघालं शेवटच्याच्या आधीचं. आणि मग ट्यूब पेटली की अरे हा तर आपला उपान्त्य, शुद्धलेखनाच्या नियमात बाईंनी घोकून घेतलेला, अकारान्त शब्दाचे उपान्त्य इकार-उकार दीर्घ! कार्डावर लिहिलं, दादरला उतरायचं तर माटुंगा माझं पेनल्टिमेट स्टेशन. परत कधी चुकलं नाही.

तसंच 'एनरव्हेट', ऐकायला एनर्जी दिल्यासारखा, अर्थ बरोब्बर उलटा, गळपटून टाकणं, तर मे महिन्यात दुपारी कुर्ल्याला पुलावरून चालल्यावर जे होतं ते. 'ऑबसीक्विअस' म्हणजे लाळघोट्या, इथे मी ऑफिसातलं एक नाव लिहिलंय ते इथे लिहू शकत नाही. 'ग्रिगेरियस' माणसांत रमणारा आणि 'इग्रीजियस' म्हणजे ढळढळीत वाईट, दोघांच्या मुळाशी लॅटिनमधला कळप, एक कळपात रमतो, दुसरा कळपातून उठून दिसतो (आधी हा चांगल्या अर्थाने उठून दिसायचा, नंतर बिघडला). शोधता शोधता हेही कळलं की इंग्लिशमधला मंगूस आपल्या मुंगसावरूनच गेलाय, व्हाया पोर्तुगीज. परीक्षेत शून्य उपयोग, पण तो दिवस छान गेला.

लेडीज डब्यात नेहमीच्या एक काकू आहेत, त्या एकदा माझ्या मोबाइलमध्ये डोकावून म्हणाल्या, काय गं, सारखी काय बोटं आपटतेस? दाखवलं, 'गॅरुलस', म्हणजे उगाच वटवट करणारं माणूस. काकू लगेच, "आमच्या जाऊबाई!" कार्डावर आता तेच आहे. हल्ली त्या घाटकोपरला गर्दी चढायच्या आतच विचारतात, आज काय आलंय?

आता वाईट बाजू, म्हणजे माझीच. दिसायला ॲप अगदी साधं, पहिल्यांदा उघडलं की कुठे काय ते कळत नाही, एक संध्याकाळ त्यात घालवायची तयारी ठेवा. आणि खाडा चालत नाही. गणपतीत गावी अकरा दिवस हात लावला नाही, दिवसाला किती कार्डं दाखवायची ती लिमिट शहाणपणा करून 9999 ठेवलेली, परत आल्यावर चारशेच्या वर कार्डं समोर. रडायचीच बाकी होते. नवीन कार्डं शून्यावर आणली, रोज ऐंशीच काढली, आठवडाभरात जागेवर आलं.

शब्द पाठ झाले म्हणजे इंग्लिश आलं असं नाही हां, जीआरईत शब्द वाक्यात बसवायचा असतो, त्यामुळे रोज एखादा इंग्लिश लेख वाचते आणि अडलेले शब्द तिथूनच उचलते. गठ्ठ्यातून एकही नाही. ऑफलाइन चालतं, सायन-माटुंग्याच्या मध्ये नेट गेलं तरी अडत नाही, रात्री घरी वायफायवर सिंक करायचं.

पाचपैकी साडेचार. अर्धा गणपतीचा कापला. क्लासचा गठ्ठा अजून माळ्यावर आहे, एका बाजूने कोरा, कोणाला रफ कामाला हवा असेल तर भांडुपला येऊन घेऊन जा.