शॉकअपचा सेट ४३,६०० रुपये: दोन मेलेले, दोन अर्धमेले

शॉकअप, म्हणजे खड्ड्यात गाडीची उडी आवरणारे दांडे, घेताना मी फसलो. आधी आकडे, म्हणजे 'किती गेले रे भाऊ' म्हणून येणारे फोन तरी थांबतील. चार शॉकअपचा सेट ४३,६०० रुपये. त्यातले १८,००० मोबाइलवरून आगाऊ, २५,६०० माल आल्यावर टेम्पोवाल्याच्या हातात रोख. टेम्पोचं भाडं ८५०, तेही माझ्याच माथी. बसवणी २,४००. घाटातून गाडी ओढून आणायचे ४,५००. शॉकअप अडकवायच्या तुटलेल्या ब्रॅकेटचं वेल्डिंग १,८००. झाले ५३,१५०. बुडालेली कामं यात धरलेली नाहीत.

गाडी इसुझू व्ही-क्रॉस, जुनीच घेतलेली, फोर बाय फोर. माझं काम बोअरच्या मोटारी काढायचं आणि टाकायचं. मागे कायम तिपाई, चेनपुली, पाइप, केबलची बंडलं. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर काही वाटत नाही, पण म्हसावद-राणीपूरवरून तोरणमाळकडे वर चढलं किंवा धडगाव-मोलगीच्या पाड्यांवर गेलं की कळतं गाडीच्या खाली काय काय असतं ते. पावसाळ्याने रस्ते खाल्लेले, दिवाळीनंतर रब्बीची पाणी भरायची घाई, सगळ्यांना मोटार आजच पाहिजे. कंपनीचे शॉकअप तेल गाळायला लागले होते. मागची बाजू खड्ड्यातून निघाली की थांबायचं नाव घ्यायची नाही.

'स्वस्ताच्या मागे लागला म्हणून फसला' असं ओट्यावर बसून सांगणारे खूप भेटले. नाशिकहून एका आयात केलेल्या सेटचा भाव घेतला होता, ६८,००० आणि बसवणी वेगळी. मला फसवणाऱ्या या दुकानवाल्यांनी ४३,६०० सांगितले. त्रेचाळीस हजार सहाशे ही काय फुकटची रक्कम आहे? पंधरा हजारात चार सांगितले असते तर मीही हसलो असतो. हे लोक भाव ठेवतातच असा, की स्वस्त वाटला पाहिजे आणि संशय येऊ नये.

मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ होते. नदीच्या पात्रात उड्या मारणारी गाडी, खाली लालभडक शॉकअप, 'परदेशी माल, नायट्रोजन गॅस, मोनोट्यूब, दोन वर्षं गॅरंटी'. मोनोट्यूब म्हणजे एकाच नळीचा शॉकअप. फोन केला तर पलीकडे अगदी आपल्या बोलीत, "भाऊ, कसाले टेन्शन लेस? आपलाच मानूस शे." आपल्या बोलीत बोलला की खान्देशचा माणूस अर्धा तिथेच विरघळतो, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

खरा विकणारा आधी विचारतो: मागे कायमचं वजन किती असतं? पाटे, म्हणजे मागच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, वाढवलेत का? गाडीची उंची वाढवली आहे का कंपनीचीच आहे? शॉकअप वजन उचलत नाही, वजन पाटे आणि स्प्रिंगा उचलतात. शॉकअपचं काम त्यांची उडी आवरायचं. मागून गाडी बसत असेल तर पाट्यांकडे बघायचं, कितीही भारी शॉकअप लावला तरी ती उठणार नाही. हे तुम्हाला सांगायला ज्याला वेळ आहे त्याच्याकडून माल घ्या. याने मला एवढंच विचारलं, "लाल पाहिजे का निळा?"

पक्कं बिल मागितलं, तर १८ टक्के वर, म्हणजे ७,८४८ जास्त. हो, नाही घेतलं. आपल्याकडे पार्टच्या दुकानात पक्कं बिल किती जण घेतात, छातीवर हात ठेवून सांगा. हातात आला तो 'एस्टिमेट' लिहिलेला पिवळा कागद, त्यावर जीएसटी क्रमांक नाही, दुकानाचा पत्ता नाही, गाडीचं नाव नाही, फक्त 'शॉकर ४ नग'. ज्यांना अजून घ्यायचं आहे त्यांनी पैसे पाठवायच्या आधी क्रमांक मागा. पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कोणाच्या नावाचा, चालू का बंद, ते फुकटात दिसतं. क्यूआर कोडवर दुकानाऐवजी कोणा बाईमाणसाचं नाव आलं तर तिथेच फोन ठेवा. माझ्या वेळी आलं होतं. 'घरच्यांचं खातं आहे' म्हणाला.

आता ती जागा, जिथे हे सगळं थांबू शकत होतं. रात्री अजून मनाने तिथेच जाऊन बसतो मी.

गॅसचा शॉकअप दाबून, पट्टी बांधून येतो. पट्टी कापली की त्याचा दांडा आपोआप सावकाश वर येतो, कारण आत गॅस दाबलेला असतो. आमच्या मिस्त्रीने एकेक पट्टी कापली. पहिला वर आला. दुसरा आला, पण मधेच रेंगाळला. तिसरा तसाच पडून. चौथा तसाच. मिस्त्रीने तिसरा उभा धरून हाताने दाबला, सोडला, परत दाबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, हाऊ माल नवा नही शे."

लगेच फोन लावला. पलीकडचा एक सेकंद अडखळला नाही. "भाऊ, त्यातले दोन फोम सेलचे आहेत, फोम सेलचा दांडा स्वतःहून उठत नसतो, कोणालाही विचारा." मी विचारलंही. आणि ते खरं आहे! फोम सेल प्रकारच्या शॉकअपमध्ये दाबलेला गॅस नसतो, दांडा जिथे ठेवला तिथे राहतो. म्हणजे खोटं बोलायला त्याने खरी गोष्ट वापरली. पण चारही खोक्यांवर 'नायट्रोजन गॅस' छापलं होतं, आणि एकाच सेटमधले दोन एका जातीचे, दोन दुसऱ्या जातीचे कुठल्या देशात भरतात? हा प्रश्न तेव्हा जिभेवर यायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशी धडगावकडच्या मोटारी ठरलेल्या, टेम्पोवाला पैसे घेऊन गेलेला, पुढचे जुने शॉकअप स्प्रिंग दाबून काढून ठेवलेले, गाडी रॅम्पवर लटकलेली. सांगा, तुम्ही काय केलं असतं? मिस्त्री म्हणाला, "बशाडू का?" मी म्हटलं बसव.

आणखी खुणा होत्या. शॉकअपच्या टोकाला बोल्टसाठी जी कडी असते, तिच्या रबरी बुशमधल्या लोखंडी नळीत आतून चकाकी होती, म्हणजे बोल्ट आधी कधीतरी फिरलेला. एका अंगाला रंगाखाली बारीक फुगवटा. तो फुगवटा म्हणजे काय ते नंतर कळलं: जुन्या शॉकअपला भोक पाडायचं, उरलंसुरलं तेल काढायचं, मिळेल ते तेल भरायचं, भोक बुजवायचं, घासून रंग मारायचा, स्टिकर लावायचा. म्हाताऱ्या बैलाची शिंगं रंगवून बाजारात उभा करायचा प्रकार. रंगावर नखाने ओरखडा काढून बघा, विकणारा ओरडला तर ओरडू दे.

थोडेच दिवस गाडी बरी वाटली, नवं तेल आहे तोवर वाटणारच. मग चांदसैली घाटात, उतारावर, मागच्या उजव्या बाजूला असा दणका बसला की पाना मारल्यासारखा आवाज आला. उतरून पाहिलं तर दांडा वाकलेला, वरचा ब्रॅकेट चेसिसपासून फाटलेला, तेल टायरवर. धडगावकडच्या माणसाचा फोन चालूच, मोटार कुठे आहे, मोटार कुठे आहे.

दुसरी फसवणूक मिस्त्रीने टेप लावून दाखवली. हे शॉकअप या गाडीचे नव्हतेच. बंद लांबी, म्हणजे पूर्ण दाबल्यावरची लांबी, जास्त होती. चाक वर गेलं की आधी रबरी बम्प स्टॉपने धक्का खायला पाहिजे. इथे शॉकअपच आधी तळाला ठेपत होता, आणि गाडीचं सगळं वजन त्या चार बोटांच्या ब्रॅकेटवर. दोन इंच उंची वाढवलेल्या गाडीचा माल कंपनीच्या उंचीच्या गाडीला लावला की हेच होणार. उलट आखूड लावला तर चाक खाली लोंबताना शॉकअपच दोरीसारखा ताणला जातो आणि उपटतो. म्हणून उघडी (पूर्ण ताणल्यावरची) लांबी आणि बंद लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये लिहून मागा. 'सगळ्यांना बसतो' म्हणणारा चोर.

तिसरा आणि चौथा नग कापून पाहिला. आत नळीत नळी, म्हणजे ट्विन ट्यूब, गॅसचा पत्ता नाही, तेल डांबराच्या रंगाचं. खोक्यावर मोनोट्यूब. (गॅसचा दाब असलेला शॉकअप कधीही ग्राइंडरने कापू नका किंवा भोक पाडू नका, अंगावर उडतो. आमचे दोन मेलेलेच होते.)

ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, "माल मिळाला ना?" मिळाला. "मग फसवणूक कसली? माल खराब निघाला, ही दिवाणी बाब." मी म्हटलं, साहेब, वापरलेल्याला रंग मारून नवा म्हणून विकला, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. "तुम्ही वकील आहात का?" मग हद्द निघाली. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात, तिकडे जा. तिकडे गेलो तर माल तुमच्याकडे उतरला, इकडे या. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घेऊन पुढे पाठवायची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिली आहे, पण कागदावरच्या ओळीला ठाण्यात खुर्ची कोण देतो? पैसे मोबाइलवरून गेले म्हणून सायबरकडे पाठवलं. तिथे म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवलेत, यात सायबर काय? बँकेतला मुलगा म्हणाला, "सर, व्यवहार यशस्वी दिसतोय." यशस्वीच होता तो, त्यांच्या बाजूने! खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, कमाल किंमत नाही, हे पॅकबंद मालाच्या नियमांत बसत नाही म्हणून वजनमापवाल्यांकडे अर्ज दिला. पोच मिळाली. शिक्का छान उमटला आहे.

मोटारी काढणाऱ्या माणसाने चार ऑफिसांच्या बाकांवर दिवस घालवायचे, आणि विकणारा त्याच दिवशी नवा व्हिडिओ टाकतो. या वेळी निळे शॉकअप.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार तयार करतोय. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विकणाऱ्याच्या दारात जावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. पिवळा कागद, संदेश, पैसे पाठवल्याची नोंद, मिस्त्रीचं लेखी, कापलेले नग, सगळं ठेवलंय. तुम्हीही जुने शॉकअप मिस्त्रीकडे भंगारात सोडून येऊ नका. रंग मारून परत येतात ते हेच. नवे बसवल्यावर खराब रस्त्यावर थोडी चालवून प्रत्येकाला हाताच्या पाठीने जपून चाचपा. काम करणारा कोमट-गरम लागतो, थंड राहिलेला नुसता लटकलेला असतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कोणी असा लाल किंवा निळा सेट 'एस्टिमेट'वर घेतला असेल तर खोकं फेकू नका आणि मला कळवा. एकसारखं नुकसान झालेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. नावं बाहेर येतील म्हणून लाजू नका, माझं तर अख्ख्या तालुक्याला कळलंय.